पाळणाघराचा तिसरा नियम

१४ नोव्हेंबर १९६३, शहादा
बालदिन. आज पाळणाघर उघडले! कापसाच्या जिनिंग कारखान्याशेजारच्या धर्मशाळेतली खोली जिनाचे मालक घेवरचंदशेठनी दिली. जिनात कापूस निवडणाऱ्या बायांची अकरा मुले आणि आमचा प्रबोध, वय नऊ महिने. रजिस्टरात पहिले नाव त्याचेच लिहिले. माझ्यासारख्या मुख्यसेविकेने स्वतःचे मूल घरी ठेवायचे आणि भाषण पाळणाघरावर द्यायचे, हे ढोंग माझ्याकडून होणार नाही. माहेरी-सासरी मिळून मी पहिली बी.ए. कोणीतरी पहिले पाऊल टाकायला हवेच.
सासूबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पोऱ्या माले दे ना माय. मन्हा हात काय मोडी गयात का?" त्यांना शास्त्रीय संगोपन समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पटले असावे.

१६ नोव्हेंबर
प्रबोध रडला. मागे वळून पाहायचे नाही असे पुस्तकात आहे. तीनदाच पाहिले.

२१ नोव्हेंबर
प्रबोधचे नाक वाहते आहे. मूळ शोधले. जिनात कापूस निवडणाऱ्या शांतीबाईची सोनी. दोन दिवस शेंबडी आहे आणि प्रबोधच्या शेजारीच निजते. या बायांना स्वच्छतेची शिस्त नाही, त्यात त्यांचा दोष नाही. शिस्त लावणे माझे काम.

२३ नोव्हेंबर
पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत नियम लिहून भिंतीवर लावले. १. मूल न्हाऊ घालून आणावे. २. मुलाला काजळ घालू नये. ३. आजारी मूल आणू नये. आणल्यास परत पाठवावे. अपवाद नाही. "अपवाद नाही" खाली लाल रेघ.
मुले सांभाळणाऱ्या रूपलीबाईला दुपारच्या साक्षरता वर्गात हेच नियम वाचायला दिले आहेत. 'आजारी'तल्या 'आ' आणि 'जा'पर्यंत आली. आशा आहे.
लगेच अंमल केला. सोनीला परत पाठवले. शांतीबाई म्हणाली, "सर्दीच शे ना बाई. सर्दी कोणले व्हत नही? आते मी काय करू?" तिच्याकडे न पाहता नियमाकडे बोट दाखवले. जड गेले. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

२५ नोव्हेंबर
मुकादमाने शांतीबाईच्या जागी दुसरी बाई घेतली म्हणे. मुकादमाला पत्र लिहायचे ठरवले आहे. सवड मिळताच.

३ डिसेंबर
प्रबोध कोमट. थर्मामीटर लावला, शंभर. पुस्तकात शंभरच्या वर ताप म्हटले आहे. म्हणजे ताप नाही.
तरी खबरदारी म्हणून बी.डी.ओ. साहेबांकडे दोन दिवसांची रजा मागितली. साहेब म्हणाले, बाई, आमच्याही घरी मुले आहेत, आजवर एकाही अधिकाऱ्याने मुलाच्या सर्दीसाठी अर्ज केला नाही. तुमचे प्रोबेशन मार्चपर्यंत आहे ना? हे सगळे अगदी प्रेमाने. मी अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. माझ्यामागून येणाऱ्या शंभर मुलींची वाट माझ्या रजेने अडायला नको.
पाव गोळी दुधात दिली. दहा वाजता पाळणाघरात पोचवला. हसत होता.

६ डिसेंबर
खोकला. दात येत असणार. रूपलीबाईने विचारले, "बाई, दात खोकतस का?" तिला सांगितले की दातांमुळे लाळ येते, लाळेमुळे खोकला येतो. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. नवीन ज्ञान पचायला वेळ लागतो.

१० डिसेंबर
खोकता खोकता प्रबोध जांभळा पडला. शेवटी श्वास ओढताना लांब शीळ वाजल्यासारखा आवाज. पिशवी, पर्स, फायली टाकून डॉक्टरांकडे धावले.
डांग्या खोकला. डॉक्टर म्हणाले, मोलगीकडे साथ आहे, तिकडून आला असेल. तेव्हा आठवले. दिवाळीनंतर मोलगीच्या बाजारात मी "माता आणि बालक" वर बोलले होते. प्रबोधला कडेवर घेऊन, उदाहरण म्हणून. बायांनी त्याला हातोहात फिरवले. एकीचे पोर खोकत होते. मला माझे भाषण छान झाल्याचे तेवढे आठवत होते.
डॉक्टरांनी विचारले, दिवसा कुठे असतो? मी म्हणाले, घरी.
मी असे का म्हणाले?

११ डिसेंबर
घरीच ठेवला. सासूबाई उबळ आली की त्याला उभा धरतात, पाठीवर हात फिरवतात. हे पुस्तकात नाही, पण उबळ लवकर सरते.
पाळणाघरात चार मुले खोकत आहेत. कापसाचे तंतू हवेत फार आहेत. खिडकीला फडके लावायला सांगितले.

१३ डिसेंबर
सात. त्यांतल्या एकाचा आवाज शिळेसारखा. फडक्याचा उपयोग नाही.

१६ डिसेंबर
परवा जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार. बी.डी.ओ. साहेब म्हणाले, तुमचे मूल तिथे दिसले पाहिजे, तीच तर आपली खरी जाहिरात. मी प्रकृतीचे काही बोलले नाही. एक तासाचा प्रश्न आहे. औषध देऊन नेईन. साहेबांसमोर रूपलीबाई नियम वाचून दाखवणार, साक्षरतेचे प्रात्यक्षिक. तिची तयारी उत्तम.

१८ डिसेंबर, दुपार
लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.
साहेब आले. खुर्चीवर बसले. प्रबोध माझ्या कडेवर, नवे झबले. दाराशी आया उभ्या, त्यांच्यात शांतीबाईही. कडेवर सोनी, तुकतुकीत. तेवीस नोव्हेंबरपासून सोनी जिनाच्या फाटकापाशी निंबाखाली झोळीत असते, शांतीबाई पुन्हा काम मिळेल म्हणून तिथेच बसते. बाराही मुलांत न खोकणारी सोनी एकटीच.
रूपलीबाई काठी घेऊन पुठ्ठ्यापाशी गेली. पहिला नियम वाचला. दुसरा वाचला. तिसरा वाचला, अक्षर अक्षर लावून. "अ-प-वा-द ना-ही." लाल रेघेखाली काठी ठेवली.
तेवढ्यात प्रबोधला उबळ आली. पाठोपाठ खोलीतल्या पाळण्यांतून एकेक करून सगळे. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. उबळ थांबली. मग रूपलीबाई माझ्याजवळ आली. काठी खाली ठेवली, प्रबोधचे तोंड पदराने पुसले आणि हळूच म्हणाली, "लई जा बाई. हाऊ तुम्हनाच नियम शे."
शांतीबाईने दारातून वाट करून दिली. ती काही म्हणाली असती तर बरे झाले असते.
घरी सासूबाईंनी हात पुढे केले. "आण आते," एवढेच.

१९ डिसेंबर
सहा आठवडे पाळणाघर बंद, आदेश आला. आया खोकणारी पोरे झोळीत घेऊन जिनावर गेल्या. माझी रजा मंजूर, प्रोबेशन सहा महिने पुढे. प्रबोधच्या पोटात सकाळी थोडे दूध टिकले. शांतीबाईसाठी मुकादमाला लिहायचे पत्र अजून लिहिलेले नाही.
मासिक अहवाल मात्र आजच द्यायचा आहे. हजर मुले: शून्य. या महिन्यात साक्षर झालेल्या स्त्रिया: एक.