गच्चीवरचा कझाकस्तान

आदरणीय युवराजदादा,

सप्रेम जयभीम. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे पारोळ्यात ऊन मरणाचं आहे, पण आम्ही सगळे धडधाकट. मी तर कालपासून छाती काढून फिरतोय, कारण तुमचा धाकटा भाऊ जिंकला!

तुम्ही फोनवर सांगून मोकळे झालात की, आई हो म्हणाली तरच तुमची संघमित्रा डॉक्टरकी शिकायला कझाकस्तानला जाईल. आई तर त्या देशाचं नावही काढू देत नव्हती. पोरगी इथं दोन दिवस नीट जेवली नाही हो! मग घरातला भूगोलाचा मास्तर काय शोभेला ठेवलाय? काल आई गच्चीवर वाळवणाला ज्वारीचे बिबडे घालत होती, तिथंच मी वर्ग भरवला. ओले बिबडे धोतरावर असे मांडले की हुबेहूब कझाकस्तान. (आई म्हणाली, रांगेत घाल. देशच वाकडातिकडा, त्याला मी काय करू?) आपला महाराष्ट्र आठदा मावेल एवढा मुलूख, गवताची माळरानं, घोडे, सफरचंदाचं माहेर, उंटांचे काफिले, रशियाची सत्ता, मग स्वातंत्र्य, सगळं एका दमात सांगितलं. (घोडीचं दूध आंबवून पितात, हे मी शिताफीनं गाळलं होतं. ते तुमच्या लेकीनं आगाऊपणे सांगितलं.) थंडीत पाणी गोठतं म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. मी लगेच म्हणालो, आपल्या नळाला तरी कुठं रोज पाणी येतं?

तेवढ्यात शेजारी राहणाऱ्या निंबाची शेळी जिना चढून आली आणि देशाचा अख्खा पश्चिम भाग खाऊन गेली. तरी मी डगमगलो नाही. उरलेल्या बिबड्यांवर बोट ठेवून ठणकावून सांगितलं की, देशाला महासागराचा किनारा नाही, आणि शेळीनं खाल्लेला तो कॅस्पियन समुद्र म्हणजे नुसतं मोठं तळं.

आईनं पिठाचे हात पुसले, संघमित्राला जवळ ओढलं आणि म्हणाली, "पहिली संघमित्रा, अशोक राजानी पोर, समुद्र वलांडीसन गई. तठे ते समुद्रबी नही. मंग भ्याव कसानं? जा माय."

दादा, मला गच्चीवरच रडू फुटलं. असा वर्ग मी उभ्या नोकरीत घेतला नाही!

तुमचा,
प्रशील

ता. क. : पोरीला पोचवायला त्या देशाचा जाणकार माणूस सोबत हवा. माझा पासपोर्ट तयार आहे.

ता. क. २ : वरचं आईनं माझ्याकडून वाचून घेतलं. ती म्हणते, जाणकार घरीच राहू दे, शेळी हाकायला. तिकीट आईचं काढा. खिडकीजवळचं.