मी चतुर्थीचा चंद्र पाहणारच

१५ ऑगस्ट, सकाळ
दुर्बीण आली. सत्तर मिलिमीटर. सेलमध्ये घेतली, पण ते कुणाला सांगायचं नाही. उज्वला म्हणाली, रिटायर झालेली माणसं वॉकला जातात. मी म्हणालो, मी विश्वात जाणार. ती कुकर लावायला निघून गेली. बायको असून तिला माझ्यातलं काहीच दिसत नाही.
संकल्प: रोज एक तास निरीक्षण. महिनाभरात शनीची कडी. दिवाळीपर्यंत धूमकेतू, जमल्यास नवा.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ
ढग.

१९ ऑगस्ट
पाऊस. दुर्बीण हॉलमध्येच जोडली. एक स्क्रू उरला. कंपनीने जादा दिला असावा.

२२ ऑगस्ट
गणपतीच्या तयारीची मीटिंग, खाली पार्किंगमध्ये. सेक्रेटरी प्रफुल्ल हसत हसत म्हणाला, रंगनाथराव, बुधवारी दुर्बीण झाकून ठेवा, गणेश चतुर्थीचा चंद्र बघितला की खोटा आळ येतो. सगळे हसले. आणि मी म्हणालो, मी बघणार.
तळमजल्यावरच्या इंदिराकाकू, ज्यांच्या यजमानांनी जन्मभर त्र्यंबकला पूजा सांगितल्या आणि ज्यांचा तिथीवारातला शब्द बिल्डिंगमध्ये कुणी ओलांडत नाही, त्या म्हणाल्या, आळ तुमच्या एकट्यावर आला तर येऊ दे बापडा, बिल्डिंगवर नको. मी पुन्हा म्हणालो, बघणार म्हणजे बघणार.
जिल्हा परिषदेत अकाउंट्समध्ये सगळी नोकरी गेली. साहेबांना एकदाही नाही म्हटलं नाही. आज म्हटलं. मजा आली. माझ्याबद्दल कुणी तरी एकदा म्हणावं, हा माणूस भ्याला नाही. बास. शनीची कडी नाही दिसली तरी चालेल.

२६ ऑगस्ट
उज्वला म्हणाली, रिक्षावाला जादा पैसे मागतो तेव्हा हे धाडस कुठे असतं. रिक्षा आणि अंतराळ यात फरक आहे.

२७ ऑगस्ट, आरतीनंतर
पाहिला. पाहिला. पाहिला.
आभाळ गच्च भरलेलं, वर भुरभुर पाऊस. गच्चीवर एका हातात छत्री, दुसरा हात दुर्बिणीवर. दुसरा कुणी असता तर खाली आला असता. पश्चिमेला लग्नाच्या लॉन्सच्या बाजूच्या झाडांआड उजेड दिसला, तिकडे रोखली. पुस्तकात लिहिलंय की ढगातून काही दिसत नाही. मला दिसला. पूर्ण गोल, पिवळट, झळझळीत. पुस्तकात असंही लिहिलंय की चंद्र हळूहळू सरकतो, सारखी दुर्बीण हलवावी लागते. माझा जागचा हलला नाही. स्टँड पक्का बसवलाय, स्क्रू उरला म्हणून काय झालं. मधेच एक काळा डाग भर्रकन आडवा गेला. बहुधा विवर.
खाली येऊन सगळ्यांना सांगितलं. इंदिराकाकूंनी कानांवर हात ठेवले. मोदक दोनच खाल्ले, इतका भरून पावलो होतो.

२८ ऑगस्ट
लिफ्ट बंद पडली. प्रफुल्ल जिन्यात भेटला आणि नुसता बघत राहिला. मी सांगितलं, लिफ्ट गेल्या महिन्यातही बंद होती. ते त्याला आठवेना.

३० ऑगस्ट
पाण्याची मोटर जळाली. वॉचमन सोमा सांगत होता, साहेब, तुमी चांद पायला म्हून झालं म्हनत्यात समदे. मी त्याला विज्ञान समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, पर मोटर कव्हा चालू व्हनार.

१ सप्टेंबर
गौरीजेवण. चेअरमन चिंतामणरावांचा पाय मुरगळला. आमच्याकडे हळदीकुंकवाला तिघीच आल्या. उज्वला बोलत नाहीये. इंदिराकाकूंनी पोथी पाठवली, यातली गोष्ट वाचली की दोष जातो म्हणून. परत पाठवली. दोष नाहीच तर जाईल कुठून.

३ सप्टेंबर
एक मात्र खरं. मी जिन्यातून उतरलो की लोक बाजूला होतात. काल पार्किंगमध्ये मला बघून प्रफुल्लने आपली गाडी लांब नेऊन लावली. पूर्वी माझ्या स्कूटरला टेकून फोनवर बोलायचा.
लिफ्ट, मोटर, पाय. योगायोगच. तरी तीन म्हणजे बरेच झाले. मी खोडून काढत बसलो नाही. वाटू दे त्यांना.

५ सप्टेंबर
प्रफुल्ल घरी आला. म्हणाला, उद्या विसर्जनाच्या आरतीला सगळ्यांसमोर माफी मागा, नाहीतर गच्चीची किल्ली द्या. उज्वला म्हणाली, मागा हो, जिभेला काय हाड आहे का. मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. म्हणालो, गच्ची घ्या, दुर्बीण घ्या, मी पाहिलेला चंद्र कसा घेणार?
असं वाक्य मला सुचेल असं वाटलं नव्हतं. रात्री उज्वलाने पान वाढलं, पण शेजारी बसली नाही. वाईट वाटलं. तरी माफी नाही.

६ सप्टेंबर
आरती झाली. उभा राहिलो. म्हणालो, जे करायचं ते करा, मी पाहिला आणि पुन्हा पाहीन. माझा आवाज मलाच मोठा वाटला.
इंदिराकाकू पुढे आल्या. वाटलं, आता शिव्याशाप. पण हळूच म्हणाल्या, आयुष्यात त्या दिवशी मान वर करायची हिंमत झाली नाही, कसा दिसतो हो? सगळ्या बायका जवळ सरकल्या. मी सविस्तर सांगितलं. पिवळट, झळझळीत, पूर्ण गोल.
काकू म्हणाल्या, गोल?
मी म्हणालो, ताटासारखा.
काकू म्हणाल्या, चतुर्थीला?
प्रफुल्लने पश्चिमेकडे बघितलं. लॉन्सच्या कमानीवरचा दिवा लागलेला होता. गोल, पिवळट. मी म्हणालो, कोरच असेल, दुर्बिणीत मोठं दिसतं. कुणी ऐकलं नाही. काकूंनी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, यांनी चंद्र पाहिलेला नाही, उगाच गरिबावर घसरलात. लगेच सगळे मोकळे झाले. चिंतामणरावांनी लंगडत येऊन खांद्यावर हात ठेवला. प्रफुल्लने किल्ली परत दिली आणि माझ्या स्कूटरला टेकून लिफ्टवाल्याला फोन लावला. प्रसाद मला दोनदा वाढला.
अन्याय आहे हा. दाद कुठे मागायची?

७ सप्टेंबर, रात्र
आज खग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी लवकर जेवून खिडक्या लावून घेतल्या. मी ठरवलं होतं की ग्रहण बघायचं, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. जिन्यात इंदिराकाकू भेटल्या. त्यांना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, खुशाल बघा, तुम्हाला काही दिसत नाही, बाधणार काय. टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो. मायेने म्हणाल्या.
उज्वलाही आता छान बोलतेय. स्वतःच किल्ली काढून दिली. म्हणाली, वर चाललाच आहात तर दोरीवरचे कपडे घेऊन या.
गेलो. कपडे आणले. वर पाहिलं नाही. मुद्दामच.