प्राप्तीसाठी पाहिलेल्या दोन शाळा

प्रिय केसर,

सप्रेम जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या मिस्टरांचा खोकला थांबला असेल, असं धरून चालते. मी ठीक आहे, झोप तेवढी लागत नाही. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर बोलले की पलीकडच्या खोलीत भावनाला सगळं ऐकू जातं (सून वाईट नाही, भिंत पातळ आहे).

प्राप्तीच्या शाळेत पाचवीपुढे वर्ग नाही. जूनपासून तिला पनवेलला तुझ्याकडे ठेवायचं आणि तिथल्या मोठ्या शाळेत घालायचं, असं विनेश-भावनाने ठरवत आणलंय. तूच बोलावलंस म्हणे. मी म्हटलं, आधी इथल्या दोन सरकारी शाळा मला बघू दे. विनेश म्हणाला, "बघ, पण रविवारपर्यंत काय ते सांग." पोस्टाच्या काउंटरवर माझा जन्म गेला, कधी कुणाला घाबरले नाही, पण या रविवाराला घाबरलेय.

बाजारातल्या शाळेत मुलं भरपूर, शिक्षकही बरे. फळ्यावरचं इंग्रजी भयंकर (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एवढ्यावर हात पुढे करायला लावला असता). पण शाळा फळ्यावरून कळत नाही, मुलींच्या संडासावरून कळते, म्हणून मी तिकडे गेले. दाराला आतून कडी नाही. मुली आळीपाळीने एकमेकींसाठी दार धरतात. पूनम नावाची सहावीतली मुलगी म्हणाली, "आजी, बिनधास्त जावा. मी हाय ना." तेवढ्यात खिचडीची घंटा झाली आणि पूनम गेली. केसर, बाहेर धावणारी पावलं ऐकत, पायाने दार दाबून धरून, आत माणूस आहे हे कळावं म्हणून मी कॉन्व्हेंटमधली सकाळची इंग्रजी प्रार्थना मोठमोठ्याने म्हणत राहिले. बाहेर आले तेव्हा अर्धा वर्ग हात जोडून उभा होता.

खाडीकडच्या शाळेत कडी भक्कम आहे, मुलंच नाहीत. सहावी, सातवी, आठवी मिळून एका रिक्षात मावतील. तिथल्या भक्ती मॅडमनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला आणि हळूच विचारलं, "आजी, नात नक्की येईल ना? पट कमी झाला तर माझी बदली होईल." आम्ही शाळेत सिस्टरांना घाबरायचो, इथे बाईच मला घाबरत होत्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली. प्राप्तीला तिथे घातलं आणि शाळाच बंद झाली तर?

तुमची पनवेलची शाळा या दोन्हींपेक्षा चांगली आहे, हे मला कळतं. मी शिकलेली बाई आहे.

तुझी,
माई

ता.क. — विनेश रविवारी तुला फोन करील. गुडघा फार दुखतो, पोर सांभाळणं झेपायचं नाही, असं सांग. तो तसा दुखतोच, यंदा जरा जास्त दुखू दे. प्राप्ती गेली तर रात्री "आजी, सरक ना" म्हणून माझी चादर ओढायला या घरात कुणी राहणार नाही.

आणखी एक ता.क. — बाजारातली शाळा उत्तम आहे, असं मी विनेशला सांगून टाकलंय. कडीचं बोलले नाही. हेडमास्तर म्हणतात, जूनपर्यंत नक्की बसवू (गेल्या वर्षीही असंच म्हणाले होते, हे पूनमने सांगितलं). नाहीच बसवली तर दार कोण धरणार, असं प्राप्तीने विचारलं. मी निवृत्तच आहे.