घरचा वाटा

३ नोव्हेंबर, सोमवार
पोहोचलो. पालघरच्या दैनिकात पन्नाशीला नव्याने रुजू होणारा वाईचा संस्कृत पदवीधर हा प्राणी या जिल्ह्याने आधी पाहिला नसावा. खोली सातपाटीत मिळाली आहे, सोजराबाईंच्या माडीवर. खाली त्या, त्यांची सून हेमाली आणि सुकत घातलेले बोंबील. तर्कशास्त्रात गंध हे पृथ्वीचं लक्षण सांगतात. आमच्या शास्त्रीबुवांना इथे एक दिवस आणलं असतं, तर ते लक्षण त्यांनी समुद्राच्या नावावर करून टाकलं असतं. म्हावरं खात नाही म्हटल्यावर सोजराबाईंनी मला आजारी माणसासारखं न्याहाळलं आणि मंग जगता कशे ओ, पेपरवाले, असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या काळजीने विचारलं. पुष्पलताला हे फोनवर सांगितलं तर हसून हसून तिला ठसका लागला. ती वाईची बँक सोडणार नाही, उन्नती पुण्याला शिकते. आमचं तिघांचं कुटुंब आता तीन गावी नांदतं. संसार फारच विस्तारला म्हणायचा.

५ नोव्हेंबर, बुधवार
दिवसभर बोईसरला, कारखान्यांच्या बातम्या. संध्याकाळी प्रतापने बोलावलं. हा आमचा संपादक, वयाने लहान, मला चिडवायला गुरुजी म्हणतो. रविवार पुरवणीसाठी त्याला कादंबरी हवी आहे, क्रमशः. मी कल्पनाशक्तीच्या अभावाचं कारण पुढे केलं. तो म्हणाला, कल्पना कशाला, घरचंच घाला, फक्त नावं बदला.
बदललं. नायक जितेश, माझ्याच वयाचा, इथेच नवा आलेला. पहिल्या भागात त्याला माझ्या मनगटावरचा डाग दिला. लहानपणी आईच्या चुलीशी मस्ती करताना भाजलं होतं ना, तोच. एका बैठकीत लिहून झालं. स्वतःला लुटणं इतकं सोपं असतं हे ठाऊक नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार
भाग छापून आला. आंघोळीला बसलो तर मनगटावर डाग नाही. घासून पाहिलं, उजेडात पाहिलं. कातडी कोरी. खाऱ्या हवेचा गुण असेल. असलाच तर बाटलीत भरून विकायला हवी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
हेमाली आमची कादंबरी मोठ्याने वाचते आणि ओट्यावर मासळी साफ करणाऱ्या बाया ऐकतात. आज मला बघून सगळ्या खिदळल्या. सोजराबाईंचं म्हणणं असं की विकायच्या मासळीची पाटी डोक्यावर घ्यायच्या आधी त्या घरचा वाटा काढून ठेवतात, मग गिऱ्हाईक कितीही मोठं येवो, त्याला हात लावू देत नाहीत. तुमी तर आईच्या चुलीपासून सगळं पाटीत टाकलंत, पेपरवाले, मंग घरी काय रांधनार? आमच्यात साहित्याला पाटी पुरत नाही, असं काहीतरी शहाणपणाचं बोललो. जितेशराव कदी येनार, असंही एकीने विचारलं. थट्टाच असावी.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुसरा भाग. यात वडील होते. पहाटे विहिरीवर पाणी ओढताना ते मला स्तोत्र शिकवत. एक ओळ ते म्हणत, एक मी.
आज ते स्तोत्र म्हणायला बसलो आणि पहिला शब्दच येईना. शब्दांचं एक वेळ राहो, वय होतंय. पण वडिलांचा आवाजच नाही. विहीर दिसते, दोर दिसतो, त्यांचे ओठ हलतात.
शंका आली, खोटं कशाला बोलू. पण तिसरा भाग प्रतापकडे कधीच गेला होता, आणि तो फार छान उतरला होता. त्यात पुष्पलता आहे. ठसका लागेपर्यंत हसणारी.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी फोन लावला. तिने विचारलं, आपण कोण. मी म्हटलं, थट्टा पुरे. ती फार सभ्यपणे म्हणाली, माझे मिस्टर पालघरला असतात, लेखक आहेत, आज घरी आलेत, त्यांच्याकडे काम असेल तर फोन देते. मागे कोणी पुरुष काहीतरी बोलला. ती हसली. हसता हसता तिला ठसका लागला.
फोन मीच ठेवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
पालघरला गेलो. प्रतापने मला बसायला सांगितलं नाही, गुरुजीही म्हणाला नाही. कादंबरी थांबवा म्हटलं. तो म्हणाला, ते लेखकाशी बोलून ठरवू, आत्ताच चहा घेऊन गेले. टेबलावरचा कप गरम होता. मी हात लावून पाहिला.
चौथा भाग त्याच्याकडे आहे. उन्नतीचा. मुलगी वडिलांना भेटायला येते, ते तिला स्टेशनवर घ्यायला जातात, एवढंच आहे त्यात. येत्या रविवारचा आहे.
बाहेर येऊन तिला फोन केला. ‘बाबा, रविवारी सकाळी पोचते, स्टेशनवर या हं, विसरभोळे आहात,’ म्हणाली. बाबा म्हणाली.
ती अजून माझी आहे. रविवारपर्यंत. येऊ नकोस म्हटलं, कारण विचारत बसली. मग तुम्हाला काय झालंय ते बघायलाच येते म्हणून हट्टाला पेटली. आईवर गेली आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सुचलं! नायक डोईजड झाला की लेखकाने काय करावं? मारून टाकावं. नवा चौथा भाग लिहिला. जितेश दुपारी सातपाटीहून एकटाच बोटीत बसतो, भर समुद्रात बोट उलटते. शेवटी वजनासाठी एक वाक्य टाकलं, ‘त्या बोटीवरचं कोणीच परतलं नाही.’ जुना काढा, हाच लावा, असं बजावून नेहमीच्या ईमेलवरून प्रतापला पाठवला, ईमेलला तोंड दिसत नाही. उत्तर आलं, मिळाला. तीन दिवसांनी प्रथमच पोटभर जेवलो.

२९ नोव्हेंबर, शनिवार
प्रतापचा निरोप. नवा भाग आखूड पडला, पानावर जागा उरत होती. म्हणून त्याने दोन्ही भाग जोडले. आधी मुलगी येते, मग तिचे वडील तिला समुद्र दाखवायला नेतात. ‘एकटाच’ तेवढं काढून टाकलं. सांधा कळतसुद्धा नाही, म्हणतो. पान छपाईला गेलं.
कोणीच परतलं नाही, हे मी लिहिलं. मी.
उन्नती फोन उचलत नाही. पालघरला धावलो, कार्यालयाच्या दारातून आत घेतलं नाही. कोण तुम्ही म्हणे.

३० नोव्हेंबर, रविवार
स्टेशनवर पहिल्या गाडीपासून उभा होतो. ती उतरली. हाक मारली. परक्या माणसाला वाट द्यावी तशी तिने मला वाट दिली आणि पुढे गेली. माझ्या मागे एक माणूस उभा होता, त्याच्या गळ्यात पडली. त्याने तिची बॅग घेतली. मी घेतो तशी, डाव्या खांद्यावर —

रिक्षाने त्यांच्या मागोमाग सातपाटीला आलो. जेट्टीवर बाया त्या दोघांना घेरून उभ्या. जितेशराव, ल्येक तुमच्यावानीच दिसते ओ, म्हणून सोजराबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. मी सांगितलं, ओरडून सांगितलं, बोट सोडू नका. हे कोन, हेमालीने विचारलं. सोजराबाई म्हणाल्या, ठावं नाय बाय, कोन येडा हाय बिचारा, पानी पाजा त्याला.

बोटवाल्या नीलेशने बोट पाण्यात लोटली. त्याचे पाय धरले. त्याने मला अलगद बाजूला बसवलं. मारलं असतं तरी —

तिने एकदा वळून पाहिलं. माझ्याकडे. घाबरली. त्याच्या जवळ सरकली.

बोट खाडीच्या तोंडाशी. दिसते अजून. वारा नाही, पाणी शांत. छापलेलं खरं होतं, तर लिहिलेलं का नाही व्हायचं? लिहितो.

बोट फिरली. नीलेशला काही आठवलं म्हणून त्याने बोट फिरवली. बोट काठाला लागली. उन्नती उतरली, गुडघाभर पाण्यात, चपला हातात घेऊन. ती हसते आहे. ती माझ्याकडे बघून म्हणाली —

नाही, बोट अजून तिथेच आहे, लहान दिसते. पुन्हा लिहितो. बोट फिरली. उन्नती उतरली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, बा