सतरा नंबरची मागची बाजू

तीर्थस्वरूप आत्येस, धांदरट भाच्याचा साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? केवळ रीत म्हणून विचारत नाही. या पत्रातली निम्मी काळजी तुझ्या गुडघ्याचीच आहे आणि उरलेली निम्मी माझ्या तोंडाची, कारण सोमवारी ते तुला कसं दाखवू हे मला कळत नाही. बाकी इकडे सगळे खुशाल. माझी बायको, म्हणजे तुझी सून, खुशाल आहे. मला दोन दिवस घास गिळवत नाही, तेवढं सोडलं तर मीही खुशाल.

आमच्या घरामागच्या माळावर नवी वसाहत होते आहे आणि तिचा नकाशा माझ्याच टेबलावर तयार होतो आहे, हे तुला माहीतच आहे. माझ्याच भरवशावर तू सतरा नंबरचा प्लॉट घेतलास. बरोबर आमच्या मागे, म्हणजे तू मागच्या दारातून हाक मारलीस की मला ऐकू यावं. झोपायची खोली खाली, जिन्याची भानगडच नको. ती खोली मी स्वतः काढली होती. (तुझा पलंग कुठे येईल तेही पेन्सिलीने दाखवलं होतं. साहेबांनी खोडायला लावलं.)

पण नवी वसाहत म्हटली की जुन्या वस्तीच्या पोटात दुखायला लागतं. कुणीतरी अर्ज केला, की नव्या घरांची नजर आमच्या खिडक्यांवर पडेल, तेव्हा मधे झाडांचा आडोसा हवा. साहेब म्हणाले, दहा फुटांचा पट्टा सोडा. सोडला. मग सभेत आमच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर उठले. (हे गृहस्थ खिशात मोजायची टेप घेऊनच फिरतात. परवा बोलता बोलता त्यांनी आमची पायरी मोजली.) त्यांचं म्हणणं, दहा फुटांत झाडांची एकच ओळ बसते, पानं गळली की सगळं आरपार. पंधरा फूट केले. पुढच्या सभेत ते म्हणाले, झाडं मोठी होईपर्यंत आम्ही काय डोळे मिटून बसायचं? म्हणून आधी मातीचा उंचवटा आणि त्यावर झाडं, असे पंचवीस झाले. आता जमीन काही रबराची नाही. पट्टा वाढला की प्लॉट आखडतात, आणि प्लॉट ठरलेल्या मापाखाली गेला तर नकाशा मंजूर होत नाही. बाकीचे प्लॉटवाले माझ्या टेबलावर हात आपटून गेले, तेव्हा मी रस्ता पुढे सरकवून त्यांची मापं भरून दिली. सतरा नंबरसमोर मात्र पाण्याची टाकी येते, तिथे रस्ता सरकत नाही.

खरं सांगायचं तर टाकी हलवता आली असती. अजून कागदावरच आहे ती. पण त्यासाठी साहेबांशी भांडावं लागलं असतं, आणि टेबलावर हात आपटायला तू आली नव्हतीस. तू फोन करून फक्त "जेवलास का रे?" म्हणायचीस. मला वाटलं, आत्या घरचीच आहे, घेईल समजून. आधी पाच फूट घेतले, मग दहा. माप भरावं म्हणून टाकीशेजारचा एक तिकोनी तुकडा तुला जोडून दिला. त्यामुळे कागदावर तुझा प्लॉट पुरा आहे, पण अंगात आखूड आणि एक बाही लांब अशा सदऱ्यासारखा झाला आहे. खाली आता बैठक आणि स्वयंपाकघर एवढंच मावतं. तुझी खोली वर गेली. जिना सतरा पायऱ्यांचा आहे. (हा निव्वळ योगायोग.)

रविवारी तू विचारलंस, "माझी खोली खालीच ना रे?" तेव्हा मला आलेला खोकला खोटा होता. आत्या, मला फार भीती वाटते आहे. मला सायकल शिकवायला तू ज्या गुडघ्यांनी मैदानभर धावलीस, त्यांच्यापुढे मी जिना आणून ठेवला.

तुझाच,
धांदरट

ता. क. सोमवारच्या सभेत हा नकाशा भिंतीवर लागणार आहे. तू येऊ नकोस. खुर्च्या फार कडक असतात.

ता. क. २. आलीसच, तर अर्जांची फाइल मागू नकोस. पहिल्या अर्जाखाली पहिली सही तुझ्या सुनेची आहे. दुसरी माझी. (तिने कागद पुढे केला आणि मी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.) तेव्हा सोमवारच्या आत तूच तिच्याशी बोलशील का? मी विषय काढायला गेलो की मला खोकला येतो.

ता. क. ३. आत्या, हे मी लिहिते आहे, तुमची सून. यांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं, तेही पाकीट न चिकटवता. मी वाचावं म्हणूनच ते; यांना याहून जास्त धीर होणार नाही, म्हणून वाचलं. अर्ज मी केला, हे खरं. पण तुमच्या नजरेची मला कसली भीती? हे उठल्यासुटल्या तुमच्याकडे चार घास खाऊन येतील आणि मी वाढलेल्या ताटावर बसून "भूक नाही" म्हणतील, याची होती. मी झाडांची एकच ओळ मागितली होती, बाकीचे पंधरा फूट हेडमास्तरांचे. सोमवारी मी उभी राहून सांगणार आहे, की आमच्या घरामागे एक ओळ पुरे. फुटपट्टी लावून पाहिलं, तुमची खोली खाली बसते, पलंगासकट. फक्त त्या ओळीत एक लहानसं फाटक ठेवू. कडी माझ्या बाजूने. गुडघा दुखला की फाटक वाजवा. मी येईन, यांना पाठवणार नाही.