वाइड बॉल कुणाच्या खात्यात?

८ फेब्रुवारी, शनिवार

बेसबॉल! मी! क्रिकेट ठीक आहे — म्हसळ्याला भावांच्या मॅचचा स्कोअर मीच लिहायचे. पण बेसबॉलची बॅट मी फक्त सिनेमात मारामारीला वापरताना पाहिली आहे.

रुहानच्या शाळेतल्या पोरांची फँटसी लीग आहे. खऱ्या खेळाडूंमधून आपापली टीम निवडायची. ते तिकडे अमेरिकेत खेळणार आणि त्यांच्या आकड्यांवर आपल्याला इथे डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बसून पॉइंट मिळणार. दहा टीम लागतात. दोन पोरांच्या घरचे दुबई सोडून परत गेले, म्हणून दोन सीट रिकाम्या. एक अबुधाबीचा कुणीतरी घेतोय म्हणे. दुसरीसाठी मी! "यू आर गुड विथ एक्सेल, अम्मी," म्हणाला.

जानेवारीत अब्बांशी झालेल्या भांडणानंतर पोरगा आपणहून येऊन एवढं बोलला. कबड्डी खेळ म्हणाला असता तरी मी हो म्हटलं असतं.

९ फेब्रुवारी

भांडणाचं लिहायचं नव्हतं. पण आज पुन्हा तेच — मुश्ताक कामावर मुसफ्फाला परत निघाला, दारात रुहानने अब्बांना नुसता सलाम केला आणि खोलीत गेला.

रुहानला स्टॅटिस्टिक्स शिकायचंय. नेदरलँडला ॲडमिशनही मिळाली. त्याच्या अब्बांना मुलगा मेकॅनिकल इंजिनीअर पाहिजे. वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे ना, जे हातोडीने ठोकता येत नाही ते शिक्षणच नाही! "आकडे मोजायला माझा स्टोअरकीपर आहे," असं म्हणाला होता. ते पोराला लागलं. युनिव्हर्सिटीला एप्रिलच्या आत बापाची सही हवी. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मध्ये माझं सँडविच.

१५ फेब्रुवारी

या अल्ला, किती मोजतात ही माणसं!

प्रत्येक बॉलचा वेग. तो हवेत किती वेळा फिरला. बॅटला लागून कुठल्या कोनात उडाला. तो पकडायला फील्डर किती फूट धावला. आणि हे सगळं फुकट, कुणीही डाउनलोड करा! रास अल खोरच्या आमच्या कंपनीच्या गोडाउनमध्ये टायर किती आहेत ते तीनदा मोजलं तरी ताळा जुळत नाही. मी दुपारभर नुसती खाली खाली स्क्रोल करत बसले. बिर्याणी लागली.

२२ फेब्रुवारी

आज रुहानने माझी शीट तपासली. वॉक्सचा कॉलम कुठे गेला, विचारलं. डिलीट केला, म्हटलं. बॉलरने चार बॉल बाहेर टाकले, बॅटरने हात लावला नाही आणि आरामात चालत पहिल्या बेसवर गेला — म्हणजे वाइडच की! वाइड एक्स्ट्रात जातात, बॅट्समनच्या खात्यात नाही. मला शिकवतोस? स्कोअरर होते मी!

एवढा हसला की खुर्चीवरून पडायचा राहिला. मग नीट बसून समजावलं. डोळ्यांची पापणी लवायच्या आत बॉल अंगावर येतो. तो बाहेर जाणार हे तेवढ्यात ओळखायचं, आणि ओळखूनही हात आवरायचा. हे त्या बॅटरचं कसब आहे, आणि आमच्या लीगमध्ये त्याचे पॉइंट मिळतात.

काहीतरी न केल्याचा हिशेब! मी आयुष्यभर तो एक्स्ट्रात लिहिला. अजून डोकं ठिकाणावर नाही माझं.

१ मार्च

पहिला रोजा. ऑफिसला सुट्टी, म्हणून चार्ट काढला. आडवं मागचं वर्ष, उभं त्याच्या पुढचं वर्ष, प्रत्येक ठिपका म्हणजे एक खेळाडू. हिट्सचे ठिपके मोहरी सांडावी तसे सगळीकडे. मग वॉक्सचे काढले — आणि ते चक्क रांगेत उभे राहिले!

रुहानला हाक मारली. तो म्हणाला, हिट्समध्ये लक पुष्कळ असतं. तोच फटका कधी फील्डरच्या हातात जातो, कधी मोकळ्या जागेत पडतो. पण ज्याला बॉल सोडता येतो त्याला पुढच्या वर्षीही येतो.

म्हणजे नशीब पालटतं, सब्र टिकतो. माझी खाला दर रमजानला हेच सांगायची, पण तिच्याकडे चार्ट नव्हता. अंगावर काटा आला, खरंच. तेवढ्यात रुहानने त्याच चार्टवर वयाचे रंग भरून दाखवले. स्क्रीनच्या उजेडात त्याचा चेहरा बघत राहिले. हे माझं पोर? ज्याला कालपर्यंत बुटाची नाडी मी बांधून देत होते?

९ मार्च

मुश्ताक आला होता. भजी तळताना त्याला वॉक्सचं सगळं सांगितलं. वाटलं, "खलास, तूपण बिघडलीस" म्हणेल. तर बटाटे कापायला बसला! बॉलर मुद्दाम बाहेर टाकतो का, विचारलं. मग म्हणाला, "डोळा कसा मोजतात?" माझा लाडका खेळाडूही दाखवला — त्याचं नाव मला उच्चारता येत नाही, मी त्याला सब्रवाला मामू म्हणते. त्याचे आकडे असे की कुणी बघणार नाही, पण सोडतो काय सुंदर!

१४ मार्च

मुसफ्फाहून मुश्ताकचा फोन. मला वाटलं घरचं काही. तर विचारतो, बॅटर म्हातारा झाला की डोळा जातो का? नाही, म्हटलं, आधी पाय जातात. "अच्छा," म्हणून ठेवला.

२३ मार्च, रविवार

आज ड्राफ्ट. दुपारचे तीन, जीभ टाळूला चिकटलेली. रुहान आणि मी डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना लॅपटॉप उघडून, मुश्ताक डोकं दुखतंय म्हणून आत झोपलेला.

एकेकाने एकेक खेळाडू उचलायचा. त्या अबुधाबीवाल्याला टीमचं नावसुद्धा घालता आलेलं नाही, नुसतं "टीम १०". मी मनात हसले. आणि मग त्याने माझी यादी उचलायला सुरुवात केली! एकामागून एक, सगळे बॉल सोडणारे! बाकी पोरं होमरनवाल्यांवर, म्हणजे सिक्सर मारणाऱ्यांवर, तुटून पडलेली, आणि हा गुपचूप माझे दाणे टिपतोय. माझा नंबर यायच्या नेमका आधी सब्रवाला मामूही नेला.

मी ओरडले, कोण आहे हा मेला! रुहानने खांदे उडवले.

त्याच दिवशी, इफ्तारनंतर

मुश्ताक समोसा मोडत सहज म्हणाला, "तुझा मामू डावखुरा आहे ना? उभा छान राहतो."

डावखुरा आहे, हे मी कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त आकडे बघितले होते, खेळताना कुणी पाहिलाय त्याला!

त्याची डोकेदुखी आठवली. बंद दार आठवलं. आणि मुसफ्फा अबुधाबीतच की! बँकेचा ओटीपी आला की मला फोन करणारा हा माणूस, मुसफ्फाच्या खोलीत बसून बेसबॉल शिकला. मला रडू आलं आणि हसूही. रुहानला कळता कामा नये. अब्बांनी गुपचूप शिरून पाळत ठेवली असं वाटलं तर लीगच सोडून देईल. मी गप्प. बाहेरचा बॉल, सोडला.

३० मार्च, ईद

नमाजहून दोघं एकत्र आले. शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवून मुश्ताकने युनिव्हर्सिटीचा कागद मागितला. रुहान जागचा हलेना. शेवटी मीच आणला.

मुश्ताकने सही केली. म्हणाला, "डोळापण मोजता येतो, हे मला माहीत नव्हतं."

रुहान त्याच्या गळ्यात पडला. "बस, बस, इस्त्री मोडेल," म्हणत त्याने पोराला सोडलंच नाही. मी किचनमध्ये जाऊन नळ सोडून रडले.

३१ मार्च

आता राहवेना. रुहानला सांगून टाकलं — टीम १० तुझे अब्बा आहेत!

"आय नो, अम्मी. आय सेंट हिम द लिंक." भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी पाठवली होती म्हणे. महिनाभराने अब्बांचं नुसतं "ओके" आलं, मग रुहानने मला विचारलं.

मला कशाला, म्हटलं.

"ही वुड नेव्हर आस्क मी. ही वुड आस्क यू."

आणि मी समजत होते, एक्सेलसाठी घेतलं.