दारातलं बर्चचं झाड

प्रिय रोसविथाताई,

सुखरूप पोहोचले आणि वेळेवर जेवते आहे, म्हणजे तुझे पहिले दोन प्रश्न मिटले. सुट्टीसाठी घेतलेलं हे लाकडी घर लहानसं पण उबदार आहे. मागे गाई चरतात. माझा आल्बर्ट वारल्यापासून पहिल्यांदाच सलग झोप लागली.

आता ऐक. आज एक मे. सकाळी दार उघडलं, तर भिंतीवरच्या पावसाळी पाइपला बर्चचं झाड बांधलेलं, त्याला रंगीत कागदी फिती. आपल्याकडे एक मेच्या आदल्या रात्री पोरं आवडत्या मुलीच्या दारी लावतात ना, अगदी तसंच. तुझ्या दारी दरवर्षी असायचं, माझ्या दारी कधीच आलं नाही. आणि आता, त्रेसष्टाव्या वर्षी?

मालकीण क्युपर्सबाईंना म्हटलं, "कोणाची तरी चूक झालेली दिसते."

"एवढा चढ चढून चुकून कोण झाड आणतं, बाई?" असं म्हणून त्या अंडी ठेवून गेल्या.

शेजारचे एवाल्ड रोज ताजा पाव आणून देतात, पण हवापाण्यापलीकडे कधी बोलत नाहीत. आज त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. मी विचारलं नाही. हसावं की झाड उतरवून ठेवावं, काही सुचत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? माझं मांजर त्रास देत नाही ना?

आपली रीत तुला माहीतच आहे. ज्यानं झाड लावलं, त्यानंच महिनाअखेरीला येऊन ते काढायचं. मी रविवारी परतणार होते. क्युपर्सबाईंना विचारलं, तर घर महिनाभर मोकळं आहे म्हणाल्या.

मांजराला तेवढे दिवस ठेवून घेशील?

तुझी गोंधळलेली,
गेर्लिंडे